शालेय शिक्षणातील अंकीय साधने : कोल्हापूर जिल्हा

संगणक, प्रक्षेपक, भ्रमणध्वनी व आंतरजाल यांचा शाळेत उपयोग दोन प्रकारे होतो : तयार पाठ विद्यार्थ्यापर्यंत पोहोचविण्यासाठी आणि विद्यार्थी व शिक्षक यांच्यातील विचारविनिमय व सहकार्य यांसाठी. पहिला प्रकार हा रेडिओ व दूरचित्रवाणी यांचाच पुढचा टप्पा होय. दुसऱ्यास यंत्राइतकीच अनुकूल अध्यापनपद्धतीची आवश्यकता असते. कोल्हापूर जिल्ह्यात पहिल्या प्रकाराची वाढ झपाट्याने झाली. दुसरा मात्र रेंगाळला.

वर्गावर्गांतील सहकार्याची कल्पना संगणकाहून जुनी आहे. फ्रान्समधील सेलेस्तँ फ्रेने (१८९६–१९६६) या शिक्षकाने १९२० नंतरच्या दशकात वर्गात छापखाना आणला आणि मुलांनी स्वतः लिहून छापलेला मजकूर टपालाने दूरच्या शाळांकडे पाठविण्याची प्रथा पाडली. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात १९६० मध्ये सुरू झालेल्या ‘प्लेटो’ या संगणकीय अध्यापनप्रणालीत १९७३ मध्ये चर्चा व संदेश यांची सोय झाली. १९८८ मध्ये न्यूयॉर्क व मॉस्को येथील शाळा संगणकाद्वारे परस्परांस जोडण्यात आल्या.

भारतात ‘क्लास’ या नावाने ओळखली जाणारी संगणक-साक्षरता योजना १९८४-८५ मध्ये सु. २५० शाळांत सुरू झाली. तीत बीबीसी मायक्रो हे संगणक देण्यात आले. त्याच सुमारास, १९८४ मध्ये, पुण्यात ‘बालचित्रवाणी’ ही राज्यसंस्था स्थापन होऊन मराठी शैक्षणिक कार्यक्रमांची निर्मिती करू लागली (ती २०१७ मध्ये बंद करण्यात आली). दोन्ही योजनांत विद्यार्थी मुख्यतः ग्रहण करणाराच राहिला. याउलट, लीला पाटील यांनी १९८५ मध्ये कोल्हापुरात सुरू केलेल्या सृजन आनंद विद्यालयात मुलांचे अनुभव, गप्पा व गटकार्य यांना शिकण्याच्या केंद्रस्थानी स्थान मिळाले. अंकीय साधनांनी पुढे जे साधावे अशी अपेक्षा केली गेली, त्याचा पाया येथे कोणत्याही यंत्राशिवाय घातला गेला होता. या दोन प्रवाहांची गाठ पडली असती, तर पुढील इतिहास कदाचित वेगळा झाला असता.

ग्रामीण भागात संगणक आणण्याचा जिल्ह्यातील पहिला मोठा प्रयत्न वारणानगर परिसरात झाला. बालवाद्यवृंदासाठी विख्यात असलेल्या या सहकारी वसाहतीभोवतीच्या, कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील ७० गावांना संगणकांनी जोडण्याचा प्रकल्प १९९८ मध्ये हाती घेण्यात आला. खर्चाचा निम्मा भाग केंद्र शासनाने, ४० टक्के राज्य शासनाने व उरलेला वारणा उद्योगसमूहाने उचलावा, अशी योजना होती. उद्दिष्टांत शेतीविषयक माहितीबरोबर शाळा-महाविद्यालयांसाठी दूरशिक्षणही होते. प्रत्यक्षात गावोगावच्या केंद्रांतील संगणक प्रामुख्याने ऊसनोंदी, खतांचे वाटप आणि बिलांचा हिशेब यांसाठी वापरले गेले. हे काम इतके मर्यादित होते, की २००६-०७ मध्ये सात गावांत संगणकाऐवजी भ्रमणध्वनीवरील लघुसंदेश वापरून पाहण्यात आले आणि तेवढ्याने ते भागले. ज्या कामाची निकड रोजची आणि ज्याला पैशाचा आधार, तेच यंत्रावर टिकते, हे येथे दिसून आले. शिक्षणाचे उद्दिष्ट कागदावरच राहिले.

मराठीच्या संदर्भात आणखी एक अडचण होती. युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वी एका संगणकावरील मराठी मजकूर दुसऱ्यावर, तोच अक्षरसंच नसल्यास, वाचता येत नसे. अशा स्थितीत दोन मराठी शाळांनी एकत्र काही लिहिणे दुरापास्तच होते. देवनागरी लिपी हाताळणारे स्वस्त भ्रमणध्वनी आल्यावर ही अडचण दूर झाली.

‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम जून २०१५ मध्ये जाहीर झाल्यानंतर राज्यभर ‘डिजिटल शाळा’ हा शब्द रूढ झाला. कोल्हापूर जिल्ह्यात ‘विद्या मंदिर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जिल्हा परिषदेच्या शाळांतही प्रक्षेपक व पडदे आले. राज्यात अशा साहित्यासाठी लोकवर्गणीचा मोठा आधार मिळाला. परंतु एका पडद्यासमोर बसलेला वर्ग हा बहुधा प्रेक्षकवर्गच असतो. याच वर्षी सुरू झालेल्या ‘सरल’ या संगणकीय प्रणालीमुळे विद्यार्थ्यांच्या नोंदी भरण्याचे काम शिक्षकांवर आले. वारण्याच्या ऊसनोंदींशी त्याचे साम्य नजरेआड करता येत नाही.

सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडी (ता. माढा) येथील शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांत क्यूआर संकेत वापरून ध्वनी व चित्रफिती पुस्तकाशी जोडल्या, तसेच परदेशांतील वर्गांशी आपल्या विद्यार्थ्यांचा संवाद घडवून आणला. त्यांना २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. त्यांच्या कार्यातील क्यूआर संकेत राज्याच्या पाठ्यपुस्तकांत सर्वत्र आले. परदेशी वर्गांशी संवाद मात्र तसा सार्वत्रिक झाला नाही. पहिली गोष्ट छापता येते, दुसरीसाठी शिक्षकाला वेळ व मोकळीक द्यावी लागते.

मार्च २०२० मध्ये कोव्हिड-१९ च्या साथीमुळे शाळा बंद झाल्या. ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ या उपक्रमाखाली राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने दैनंदिन अभ्यासमाला व्हॉट्सॲपद्वारे पाठविली. जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका दाखविण्यात आली. शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरी, भुदरगड यांसारख्या डोंगराळ तालुक्यांत वाड्यावस्त्यांवर संपर्कलहरी क्षीण असत. घरातील एकुलता भ्रमणध्वनी दिवसभर वडिलांबरोबर शेतावर किंवा कारखान्यात असे; त्यामुळे अभ्यास संध्याकाळीच उघडला जाई. जेथे भ्रमणध्वनी नव्हता, तेथे शिक्षक घरोघर गेले, देवळाच्या ओवरीत किंवा समाजमंदिरात मुलांचे छोटे गट बसविले. या काळात एक अनपेक्षित गोष्टही घडली : लिहिण्यास संकोचणारी लहान मुले ध्वनिसंदेशाद्वारे वाचन, कविता व प्रश्न शिक्षकांकडे पाठवू लागली. अंकीय साधनाच्या दोन दिशांपैकी उलट दिशेचा, म्हणजे मुलाकडून शाळेकडे येणारा, हा प्रवाह यापूर्वी क्वचितच आढळला होता.

ग्रामीण भागातील पाचवीपासूनचे वर्ग ४ ऑक्टोबर २०२१ पासून पुन्हा भरू लागले. व्हॉट्सॲपवरील गट टिकून राहिले. त्यांवर प्रामुख्याने सूचना, गृहपाठ व मागविलेली माहिती यांची देवाणघेवाण होते. मुलांचे ध्वनिसंदेश त्यांवर आता विरळ झाले आहेत.