मळलेल्या वाघिणीची कुळकथा

खेळण्यातली मालगाडीची वाघीण जन्माला आली ती झगझगीत रंगातच. जर्मनीच्या मेर्कलिन कंपनीने 1891 साली लाइपझिगच्या जत्रेत ठरावीक मापांचे रूळ आणि त्यांवर चालणाऱ्या गाड्या मांडल्या. फ्रँक हॉर्नबीच्या पत्र्याच्या गाड्या 1920 पासून इंग्लंडात विकल्या जाऊ लागल्या. मुलाच्या हातात द्यायची वस्तू उजळ रंगाचीच हवी, हा नियम जगभर सारखा होता. सावंतवाडीच्या चितारआळीतली लाकडी खेळणीही तोच पाळत आली.

नियम मोडला तो मोठ्यांनी. जॉन अहर्न याने 1930 च्या दशकाच्या अखेरीस मॅडर व्हॅली ही लघुरेल्वे उभारायला घेतली. तिथल्या डब्यांवर आणि भिंतींवर पावसापाण्याच्या खुणा दिसतात. हा देखावा आज इंग्लंडातल्या पेंडन संग्रहालयात आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातला जॉन ॲलन हा व्यवसायाने छायाचित्रकार होता. वस्तूवर प्रकाश कसा पडतो याची त्याची जाण डबे मळवण्याच्या कलेला फार मोलाची ठरली. कोरा प्लास्टिकचा डबा छायाचित्रात खेळणेच दिसतो, तर मळ आणि सावली चढवलेला डबा टनावारी वजनाचा भासतो. तयार संचांचे भाग कापून, उलटसुलट जोडून नवा डबा घडवण्यातही त्याचा हातखंडा होता. 1973 मध्ये त्याच्या मृत्यूनंतर काही दिवसांतच त्याची लघुरेल्वे आगीत जळाली, पण छायाचित्रांमुळे त्याची रीत टिकली. पुढे रणगाड्यांची मॉडेल करणाऱ्यांनी खाचांत पातळ रंग सोडणे आणि जवळजवळ कोरड्या कुंचल्याने कडा उजळणे या दोन युक्त्या सर्वांच्या हाती दिल्या.

महाराष्ट्रात लघुरेल्वेचे हक्काचे ठिकाण म्हणजे पुण्याच्या कोथरूडमधले जोशी यांचे संग्रहालय. ते 1998 मध्ये खुले झाले आणि त्याच वर्षी कोकण रेल्वे पूर्ण लांबीवर धावू लागली. भारतीय गाडीचे मॉडेल करणाऱ्यासमोर पहिली अडचण मापाची येते. आपला ब्रॉडगेज 1676 मिमी रुंद. 1:87 या प्रमाणात तो 19 मिमीच्या थोडा वर जातो. बाजारातला या प्रमाणाचा, म्हणजे एचओ, रूळ मात्र 16.5 मिमीचा, कारण तो युरोप-अमेरिकेतल्या 1435 मिमीच्या रुळावरून बेतलेला. बहुतेक जण ही तफावत सोसतात आणि ते योग्यच आहे. तयार भारतीय वाघिणी कमी मिळत असल्याने परदेशी किंवा स्वस्त खेळण्यातला डबाच कापून बदलावा लागतो.

रत्नागिरीच्या मॉडेलकाराला यासाठी उत्तम नमुना दारातच आहे. कोकण रेल्वेची कोलाड ते वेर्णा ही रो-रो सेवा 26 जानेवारी 1999 रोजी सुरू झाली, आणि भरलेले ट्रक सपाट वाघिणींवर चढून रत्नागिरीवरून जाऊ लागले. अशी वाघीण करायला खर्च जवळपास नाहीच. मोडक्या उघड्या डब्याच्या भिंती हॅकसॉच्या पात्याने कापायच्या, कडा घासायच्या, तळावर पातळ पुठ्ठा किंवा प्लास्टिकची पट्टी चिकटवायची. खरी वाघीण सुमारे 14 मीटर, म्हणून मॉडेल 16 सेंटीमीटरच्या आसपास. वर योग्य मापाचा खेळण्यातला ट्रक ठेवून तो बारीक साखळीने जखडला की अर्धे काम झाले.

उरलेले अर्धे काम मळवण्याचे आणि इथे कोकण मनापासून मदत करते. खारी हवा लोखंड खाते, म्हणून मीठच वापरायचे. आधी गंजाचा तपकिरी रंग द्यायचा आणि तो वाळला की पाण्याने किंचित ओलावून वर मिठाचे खडे विरळ टाकायचे. ते चिकटून वाळले की वाघिणीचा मूळ रंग चढवायचा. नंतर ओल्या टूथब्रशने मीठ घासून काढले की खालचा गंज वेड्यावाकड्या डागांनी उघडा पडतो. हाताने काढलेले डाग इतके खरे वाटत नाहीत. जांभ्याची वस्त्रगाळ पूड चाकांच्या पातळीला लावायची, कारण मार्गावरची तांबडी धूळ खालूनच उडते. ब्रेकच्या भुकटीचा गडद तपकिरी थर तळाच्या सांगाड्यावर बसतो. कोळशाच्या पुडीचा काळा हात मात्र काळ ठरवून द्यावा. 2022 मध्ये मार्गाचे विद्युतीकरण पूर्ण होण्याआधी डिझेल इंजिनांची काजळी जास्त होती, आता ती कमी दाखवावी. पावसाळी ओघळ ओल्या कुंचल्याने वरून खाली, एकाच दिशेने ओढायचे.

शेवटी मॅट वार्निशचा पातळ थर. त्याने पूड फिकट होते, म्हणून ती आधीच थोडी जास्त लावलेली बरी. चाकांचा रुळाला टेकणारा पट्टा कोरा ठेवायचा. खऱ्या चाकात तो घासून लखलखतो आणि मॉडेलमध्ये तिथला रंग रुळावर उतरला तर इंजिनाची वीज अडते.