भारतातील गर्भाशयमुख कर्करोग प्रतिबंध संशोधन

गर्भाशयमुखाचा कर्करोग हा भारतीय स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाखालोखाल आढळणारा कर्करोग आहे. २०२२ मध्ये देशात त्याचे सुमारे १ लाख २७ हजार नवे रुग्ण आढळले व सुमारे ८० हजार स्त्रिया दगावल्या, असा अंदाज आहे. मानवी पॅपिलोमा विषाणूचा (एचपीव्ही) संसर्ग दीर्घकाळ टिकल्यास हा रोग होतो. पेशींतील बदलांपासून कर्करोगापर्यंतच्या प्रवासास बहुधा दहा वर्षांहून अधिक काळ लागत असल्याने तो वेळीच रोखता येतो. श्रीमंत देशांनी हे पॅप चाचणीच्या बळावर साधले. तथापि तिच्यासाठी प्रयोगशाळा, प्रशिक्षित पेशीतज्ज्ञ आणि वारंवार तपासणी लागते. ग्रामीण भारतात यांपैकी काहीच सहज उपलब्ध नसल्याने येथील संशोधनाचा रोख स्वस्त व सुटसुटीत पद्धतींकडे राहिला.

बार्शी आणि उस्मानाबाद

सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ मध्ये देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. गावोगावी जाऊन रुग्ण नोंदवताना कार्यकर्ते लोकांना रोगाची लक्षणेही समजावून सांगत. त्यामुळे स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत उपचारास येऊ लागल्याचे दिसून आले. याच पायावर बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मृती केंद्र आणि फ्रान्समधील लियाँ येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी शेजारच्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात मोठी चाचणी हाती घेतली.

तीत ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा समावेश होता. गावांचे ५२ समूह पाडून त्यांची चार गटांत विभागणी करण्यात आली. एका गटाची एचपीव्ही चाचणी, दुसऱ्याची पेशीतपासणी, तर तिसऱ्याची सौम्य ॲसिटिक आम्ल लावून दृश्य तपासणी झाली. या शेवटच्या पद्धतीत गर्भाशयमुखावर आम्ल लावल्यानंतर सुमारे मिनिटभरात विकृत भाग पांढरट दिसू लागतो. चौथा गट नियंत्रण गट होता. आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नियंत्रण गटात या कर्करोगाने ६४, तर एचपीव्ही चाचणीच्या गटात ३४ स्त्रिया दगावल्या. म्हणजे आयुष्यात एकदाच केलेल्या चाचणीने मृत्यूंचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आणले. इतर दोन पद्धतींनी मृत्युदरात लक्षणीय घट झाली नाही.

मुंबईतील झोपडपट्ट्यांत १९९८ पासून झालेल्या चाचणीचे चित्र मात्र वेगळे होते. तेथे दहावीपर्यंत शिकलेल्या व सुमारे चार आठवडे प्रशिक्षण घेतलेल्या स्त्रियांनी दर दोन वर्षांनी, अशा चार फेऱ्यांत दृश्य तपासणी केली. त्या गटात मृत्युदर ३१ टक्क्यांनी घटला. या फरकामागे फेऱ्यांची पुनरावृत्ती हे एक संभाव्य कारण आहे.

नैतिक वाद

या चाचण्यांतील नियंत्रण गटांच्या स्त्रियांना तपासणी मिळाली नव्हती, यावर कठोर टीका झाली. तपासणीने जीव वाचतो हे आधीच ठाऊक असताना हजारो स्त्रियांना केवळ निरीक्षणाखाली ठेवणे अनैतिक आहे, असा टीकाकारांचा आक्षेप होता. देशात तेव्हा अशी तपासणी प्रचलितच नव्हती, त्यामुळे कोणाची सेवा हिरावली गेली नाही, असे संशोधकांचे उत्तर होते. हे उत्तर वस्तुस्थितीला धरून असले, तरी ती परिस्थिती बदलण्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न त्याने सुटत नाही.

लस

२००९ मध्ये १० ते १८ वर्षांच्या मुलींमध्ये एचपीव्ही लसीच्या दोन व तीन मात्रांची तुलना करणारा अभ्यास सुरू झाला. बार्शी व पुणे ही त्याची केंद्रे होती. दरम्यान आंध्र प्रदेश व गुजरातमधील एका वेगळ्या लसीकरण प्रकल्पातील काही मुलींचे मृत्यू झाल्याने एप्रिल २०१० मध्ये असे सर्व प्रयोग थांबवण्यात आले. मृत्यूंचा लसीशी संबंध चौकशीत आढळला नाही. मात्र पालकांची संमती घेण्यातील गंभीर त्रुटी उघड झाल्या.

या स्थगितीमुळे अभ्यासातील सुमारे पाच हजार मुलींना एकच मात्रा मिळाली. योजनेत नसलेला हा गटच पुढे सर्वांत महत्त्वाचा ठरला. एका मात्रेनेही विषाणूच्या १६ व १८ या प्रकारांच्या दीर्घकालीन संसर्गापासून दोन-तीन मात्रांइतकेच संरक्षण मिळते, असे २०२१ मध्ये दिसून आले. केनियातील चाचणीसह अशा पुराव्यांच्या आधारे जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये एकमात्रा लसीकरणाचा पर्याय मान्य केला. त्याच वर्षी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या ‘सर्व्हाव्हॅक’ लसीला भारतात परवानगी मिळाली.

अंमलबजावणी

केंद्र सरकारने २०१६ मध्ये ३० वर्षांवरील स्त्रियांसाठी दर पाच वर्षांनी दृश्य तपासणीची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या केवळ १.९ टक्के स्त्रियांनी ही तपासणी कधीतरी करून घेतल्याचे आढळले. सिक्कीमने २०१८ मध्ये शाळांमार्फत ९ ते १४ वर्षांच्या मुलींचे लसीकरण केले, तेव्हा ९५ टक्क्यांहून अधिक मुलींना लस मिळाली.