फोनोचा पट्टा आणि बुवांचा सूर

उज्जैनला गेलेला गोंयकार महाकालाच्या देवळात जरा जास्तच रेंगाळतो. अठराव्या शतकात हे देऊळ पुन्हा उभारले ते राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी सुखटणकर यांनी. आडनाव ऐकूनच आपले वाटावे! पुढे १९४८ पर्यंत हे शहर ग्वाल्हेर संस्थानात होते. तिथल्या जुन्या मराठी घरांत गाण्याचा विषय अजून निघतो. अशाच एका घरी यजमानांनी एडिसनचा फोनोग्राफ दाखवला. आपल्याकडच्या तबकडीचा फोनो नव्हे, मेणाच्या नळकांड्याचा. चावी दिली, गाणे सुरू झाले आणि दुसऱ्याच ओळीला बुवा घसरले. सावरले, पुन्हा घसरले.

"बुवा बेसूरच होते," यजमान म्हणाले.

तबकडीच्या फोनोत दात्यांची चाके असतात, पट्टा नसतो. एडिसनच्या या यंत्रात मात्र स्प्रिंगच्या मोटरपासून नळकांड्याच्या दांड्यापर्यंत गती नेतो तो चामड्याचा अरुंद पट्टा. शंभर वर्षांत तो ताणतो, सुकतो, तेल पिऊन गुळगुळीत होतो. मोटरची कप्पी एकसारखी फिरत असून नळकांडे अडखळत असेल, तर दोष पट्ट्याचा. मोटरच मंदावत असेल, तर घट्ट झालेल्या जुन्या ग्रीसचा किंवा स्प्रिंगचा. काही जण पट्ट्याला राळ फासतात. तसे करू नये, चिकटून गती आणखी बिघडते.

१९०२ नंतरच्या एडिसनच्या छापील नळकांड्यांचा वेग मिनिटाला १६० फेरे. ते १५१ झाले, की काळी दोनचा गायक पांढरी दोनमध्ये गाऊ लागतो. सारखाच उतरला तर तो बेसूर नव्हे, फक्त खालच्या पट्टीत. बेसूर करते ती अधूनमधून होणारी घसर.

हे मला का महत्त्वाचे वाटते? पंडित भातखंड्यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात जयपूरच्या महंमद अली खाँ कोठीवाल यांच्या घराण्यातल्या चिजा फोनोग्राफवर उतरवून घेतल्या. याच भातखंड्यांच्या मार्गदर्शनाने १९१८ साली ग्वाल्हेरला माधवराव शिंद्यांचे संगीत विद्यालय सुरू झाले. पण आपण ती गाणी शिकतो ती क्रमिक पुस्तकांतल्या स्वरलिपीवरून. यंत्राचे ऐकायचे, तर आधी यंत्र तपासावे लागते. युरोपातले संशोधक म्हणूनच मुद्रणाच्या आरंभी ठराविक स्वराची शिट्टी फुंकत. आपल्या बुवांच्या नळकांड्यावर तसली शिट्टी कुठली!

दुसऱ्या दिवशी आम्ही कप्प्या स्पिरिटने पुसल्या. चपला शिवणाऱ्याकडून पातळ चामड्याची पट्टी आणली, दोन्ही टोके तिरकी तासून एकावर एक चिकटवली. जोड जाड राहिला तर दर फेऱ्याला धक्का बसतो. पट्टा फार आवळलाही नाही, नाहीतर मोटर दमते. नळकांड्याच्या टोकाला कागदाचा कपटा लावून फेरे मोजले: अर्ध्या मिनिटात ८०.

बुवा उभे राहिले, स्वच्छ. फक्त अंतऱ्यात एका जागी आवाज क्षणभर वर चढला, तो प्रत्येक वेळी तिथेच. म्हणजे गाणे घेताना त्या दुसऱ्या यंत्राचा पट्टा घसरला होता. तो आता कोण बदलणार?