पदपथावरचा माणूस आणि शहराचा कायदा : मुंबई १९८१ ते इंदूर २०२१

'ओल्गा टेलिस विरुद्ध मुंबई महानगरपालिका' हा खटला आपल्यापैकी अनेकांनी नागरिकशास्त्राच्या किंवा राज्यशास्त्राच्या तासाला शिकविला असेल. राज्यघटनेच्या २१ व्या कलमातील जीविताच्या हक्कात उपजीविकेचा हक्क अंतर्भूत आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १० जुलै १९८५ रोजी सांगितले. परीक्षेपुरते एवढे वाक्य पुरेसे असते. काही वर्षांपूर्वी भाषेच्या वर्गात ओघाने हा विषय निघाला असता मीही तेवढेच सांगून थांबलो. तेव्हा मागच्या बाकावरील एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, मग त्या लोकांच्या झोपड्या राहिल्या का?" मला उत्तर देता आले नाही. निकालपत्र मुळातून वाचल्यावर लक्षात आले की तिचा प्रश्नच या इतिहासाचा गाभा आहे. प्रस्तुत लेख हे तिला उशिरा दिलेले उत्तर समजावे.

१. पावसाळ्यातील आदेश

१३ जुलै १९८१ रोजी महाराष्ट्राचे तत्कालीन मुख्यमंत्री बॅ. ए. आर. अंतुले यांनी जाहीर केले की, मुंबईतील सर्व पदपथवासीयांना हटवून त्यांच्या मूळ गावी किंवा शहराबाहेर पाठविण्यात येईल. पोलिसांनी या कामी महापालिकेला साह्य करावे, असाही आदेश निघाला. कारण देण्यात आले ते दयेचे होते. पदपथावरचे जिणे अमानुष आहे, पावसाळ्यात ही माणसे तेथे सुखाने राहू शकत नाहीत, असे सांगण्यात आले. दहाच दिवसांनी, भर पावसात, झोपड्या पाडण्यात आल्या आणि माणसांना एस. टी. च्या बसगाड्यांत बसविण्यात आले. या प्रवासात दोन बालके जन्मली व दोन दगावली, असे अर्जदारांचे म्हणणे न्यायालयाच्या नोंदीत आहे. एका अर्जदाराला कुटुंबासह तमिळनाडूतील सेलमला धाडण्यात आले. पत्नी आणि मुली तेथेच राहिल्या; तो मात्र कामाच्या शोधात मुंबईला परतला आणि पुन्हा पदपथावरच राहू लागला.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे नमूद केली पाहिजे. अंतुले हे महाराष्ट्राचे पहिले मुस्लिम मुख्यमंत्री. निराधारांना दरमहा अनुदान देणारी संजय गांधी निराधार योजना त्यांच्याच कारकिर्दीत सुरू झाली. तेव्हा हा आदेश कोणा निष्ठुर माणसाचा होता, असे म्हणून आपली सुटका होत नाही. निराधाराला त्याच्या गावी अनुदान देणारे शासन त्याच निराधाराला शहराच्या रस्त्यावर पाहू शकत नव्हते. गरिबाने आपल्या जागी राहावे, ही समजूत एका व्यक्तीची, पक्षाची किंवा जमातीची नसते. ती राज्यकारभारात मुरलेली असते.

२. निकालाने काय दिले, काय दिले नाही

पदपथवासी, पत्रकार ओल्गा टेलिस आणि नागरी हक्कांच्या संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या. इंदिरा जयसिंग, व्ही. एम. तारकुंडे प्रभृती वकिलांनी त्यांची बाजू मांडली. पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाचे निकालपत्र सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी लिहिले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये दिलेल्या शाहबानो निकालामुळे त्यांचे नाव आपल्या वाचकांना परिचित आहेच. घटनापीठात न्या. मुर्तझा फझल अली हेही होते.

न्यायालयाने तीन महत्त्वाच्या गोष्टी मान्य केल्या. पहिली, माणूस पदपथावर राहतो तो काम जवळ असते म्हणून. निवारा गेला की रोजी जाते आणि रोजी गेली की जगणे जाते. दुसरी, पूर्वी उच्च न्यायालयात अर्जदारांनी आपला हक्क नाही असे कबूल केले असले, तरी मूलभूत हक्क असा कबुलीने सोडून देता येत नाही. तिसरी, १८८८ च्या महापालिका अधिनियमातील ३१४ वे कलम आयुक्तांना नोटीस न देता अतिक्रमण काढण्याची मुभा देत असले, तरी ती सक्ती नव्हे; सामान्यतः माणसाचे म्हणणे ऐकूनच कारवाई झाली पाहिजे.

परंतु याच निकालपत्राने ३१४ वे कलम वैध ठरविले. पदपथ पादचाऱ्यांसाठी आहेत, त्यांवर कोणालाही घर बांधण्याचा हक्क नाही, असे स्पष्ट केले. झोपड्या ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत, म्हणजे पावसाळा सरेपर्यंत, काढू नयेत, एवढीच मुदत मिळाली. १९७६ च्या गणनेत ज्यांची नोंद झाली होती त्यांना मालवणी येथे किंवा अन्यत्र पर्यायी जागा द्यावी असे सांगितले. पण ती हटविण्यापूर्वीची अट नाही, हेही त्याच वाक्यात घातले.

म्हणजे विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे कायदेशीर उत्तर 'नाही' असे आहे. तत्त्व जिंकले, पण ज्यांनी ते जिंकले त्यांच्या पायाखालची जमीन मात्र सुटली. आपण वर्गात यातील पहिला अर्धा भागच सांगत आलो.

३. मोजणीचे सामर्थ्य

खरा बदल न्यायालयाच्या बाहेर घडला. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या 'स्पार्क' या संस्थेने भायखळा परिसरातील पदपथावरच्या स्त्रियांबरोबर काम सुरू केले होते. या स्त्रियांत मुस्लिम स्त्रियांची संख्या मोठी होती. १९८५ मध्ये, निकालाची टांगती तलवार डोक्यावर असताना, सुमारे ६ हजार कुटुंबांची पाहणी करण्यात आली. तिच्या अहवालाच्या नावाचा अर्थच 'आम्ही अदृश्य' असा होता. पदपथावरची माणसे बेकार, भटकी आणि कालच आलेली आहेत, हा समज या पाहणीने खोडून काढला. ती कष्ट करणारी होती, वर्षानुवर्षे तेथेच राहत होती आणि शहराची स्वस्त कामे तिच्याच हातून होत होती.

१९८६ मध्ये या स्त्रियांची 'महिला मिलन' ही संघटना उभी राहिली. आणीबाणीत, १९७६ साली, जनता कॉलनी उठविली गेल्याचा अनुभव घेतलेले जोकिन अर्पुथम त्यांच्या सोबत होते. स्त्रियांनी बचत गोळा केली, कुटुंबांची नोंद ठेवली, आपल्याला परवडेल अशा घराचा आराखडा स्वतः तयार केला. १९९५ च्या झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत १ जानेवारी १९९५ पूर्वीच्या पदपथवासीयांनाही पात्र धरण्यात आले आणि पुढे मानखुर्द येथे काही कुटुंबांना घरे मिळाली. यास दशकाहून अधिक काळ लागला. मानखुर्द भायखळ्याच्या कामापासून दूर होते. सर्वांना घर मिळाले नाही, हेही खरे. तरी जेथे पर्याय मिळाला तेथे तो यादीत नाव असल्यामुळे मिळाला. १९७६ च्या गणनेच्या ओळखपत्राला न्यायालयाने जे महत्त्व दिले, त्याचा अर्थ या स्त्रियांना चांगला उमगला होता.

४. मुसाफिर ते भिक्षेकरी

'बेघर' हा शब्द उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषांत एकाच रूपात चालतो. पण कायद्याच्या भाषेत या माणसाची नावे बदलत गेली आहेत. शेरशाह सूरीने (कारकीर्द १५४० ते १५४५) रस्त्यांवर दर दोन कोसांवर सराया बांधल्या आणि तेथे हिंदू-मुस्लिम वाटसरूंची निरनिराळी सोय केली, अशी नोंद अब्बास खान सरवानी या इतिहासकाराने केली आहे. त्या व्यवस्थेचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. व्यापार आणि टपाल हे तिचे हेतू होतेच. तथापि, रस्त्यावरच्या माणसाला रात्र काढायला जागा लागते, ही राज्याची जबाबदारी तेथे गृहीत धरलेली होती.

आधुनिक कायद्याने हा माणूस संशयित ठरविला. १९५९ च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक अधिनियमानुसार केवळ हात पसरणाराच नव्हे, तर उपजीविकेचे दृश्य साधन नसताना सार्वजनिक ठिकाणी वावरणारा माणूसही भिकारी ठरू शकतो. वॉरंटाशिवाय अटक, प्रथम एक ते तीन वर्षे आणि पुन्हा सापडल्यास दहा वर्षांपर्यंत स्थानबद्धता, अशी त्यात तरतूद आहे. गोव्यात १९७२ मध्ये, मध्य प्रदेशात १९७३ मध्ये व कर्नाटकात १९७५ मध्ये याच प्रकारचे कायदे झाले. पदपथावर झोपणाऱ्या मजुराला हटवायचे असेल तर अतिक्रमण आणि भिक्षा ही दोन्ही हत्यारे प्रशासनाच्या हाती असतात.

हैदराबादच्या वाचकांना नोव्हेंबर २०१७ आठवत असेल. जागतिक उद्योजकता परिषदेच्या तोंडावर पोलीस आयुक्तांनी दोन महिने भीक मागण्यास बंदी केली आणि रस्त्यावरच्या माणसांना तुरुंगांच्या आवारातील निवाऱ्यांत हलविण्यात आले. पुढच्याच वर्षी, ८ ऑगस्ट २०१८ रोजी, दिल्ली उच्च न्यायालयाने १९५९ च्या कायद्यातील भीक मागणे गुन्हा ठरविणाऱ्या तरतुदी दिल्लीपुरत्या घटनाबाह्य ठरविल्या. २७ जुलै २०२१ रोजी, करोनाच्या काळात, भिकाऱ्यांना रस्त्यावरून हटवावे अशी मागणी सर्वोच्च न्यायालयापुढे आली, तेव्हा न्या. धनंजय चंद्रचूड व न्या. एम. आर. शहा यांच्या पीठाने ती मान्य केली नाही. पर्याय असता तर कोणी भीक मागितली नसती, असा त्यांचा विचार होता. १९८५ चे निकालपत्र लिहिणाऱ्या सरन्यायाधीशांचे न्या. चंद्रचूड हे पुत्र होत.

५. इंदूरची गाडी

२९ जानेवारी २०२१. देशातील सर्वांत स्वच्छ शहर म्हणून २०१७ पासून गौरविल्या गेलेल्या इंदूरच्या महापालिकेच्या गाडीतून काही वृद्ध बेघर स्त्री-पुरुषांना देवास रस्त्यावर शिप्रा गावाजवळ आणून उतरविण्यात आले. दिवस थंडीचे होते. गावकऱ्यांनी हरकत घेतली, मोबाइलवर चित्रण केले, आणि कर्मचाऱ्यांना त्या माणसांना पुन्हा गाडीत बसवून परत न्यावे लागले. त्यानंतर एका उपायुक्तांना निलंबित करण्यात आले.

मुंबईच्या बसगाड्या आणि इंदूरची गाडी यांत चाळीस वर्षांचे अंतर आहे. पद्धत मात्र तीच. माणूस वाहनात घालायचा, हद्दीबाहेर न्यायचा आणि शहर स्वच्छ झाले असे समजायचे. १९८१ मध्ये निमित्त पावसाचे होते, २०१७ मध्ये पाहुण्यांचे, २०२१ मध्ये ज्या शहराने हे केले त्याची ओळख स्वच्छतेची होती. इंदूरला जे थांबले ते निकालपत्रामुळे थांबले नाही, रस्त्याकडेच्या चार माणसांनी "यांना येथे का सोडता?" असे विचारल्यामुळे थांबले.

६. समारोप

एक आक्षेप रास्त आहे. पदपथ चालणाऱ्यांचा आहे. म्हातारी माणसे, शाळेत जाणारी मुले यांना रस्त्यावर उतरून चालावे लागते, तोही अन्यायच. परंतु माणूस पदपथावर हौसेने झोपत नाही. २०११ च्या जनगणनेत देशात १७ लाख ७३ हजार बेघर मोजले गेले. त्यांपैकी ९ लाख ३८ हजार शहरांत होते. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोठ्या शहरांत दर एक लाख लोकसंख्येमागे एक बारमाही रात्रनिवारा असावा, असे निर्देश दिले आणि हेच प्रमाण २०१३ च्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात स्वीकारले गेले. तेव्हा पदपथ मोकळा करण्याचा मार्ग ठाऊक आहे. तो निवाऱ्यातून जातो, गाडीतून नव्हे. दुसरीकडे, १३ नोव्हेंबर २०२४ रोजी पाडकामापूर्वी पंधरा दिवसांची नोटीस सक्तीची करताना सर्वोच्च न्यायालयाने रस्ते, पदपथ अशा सार्वजनिक जागांवरील अनधिकृत बांधकामे त्या निर्देशांतून वगळली. म्हणजे सर्वांत दुबळ्या माणसाला आजही सर्वांत कमी संरक्षण आहे.

आपण अध्यापक काय करू शकतो? आपल्या शहराची लोकसंख्या किती लाख, त्या प्रमाणात निवारे किती हवेत आणि प्रत्यक्षात किती आहेत, हा हिशेब समाजशास्त्राच्या किंवा भूगोलाच्या विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून देता येईल. पदपथावरील कुटुंबे कोठून आली, काय काम करतात, किती वर्षे आहेत, ही नोंद त्यांच्या संमतीने आणि त्यांच्याच शब्दांत करता येईल. भायखळ्याच्या स्त्रियांनी अक्षरओळख नसतानाही हे करून दाखविले. आपल्या महाविद्यालयांत तर वही, पेन आणि वेळ तिन्ही आहेत. ज्याची नोंद आहे त्याला गाडीत घालून नेणे अवघड जाते.

ती विद्यार्थिनी पुन्हा भेटली तर मी सांगेन : झोपड्या राहिल्या नाहीत. पण ज्यांनी एकमेकींची नावे लिहून ठेवली, त्यांतल्या काहींना पुढे दार असलेले घर मिळाले.