एक शिवराई, दोन नातवंडं

मंडळी, गेल्या आठवड्यात देवघर आवरताना हळदीकुंकवाच्या जुन्या डबीत वडिलांची शिवराई सापडली. खालापूर तालुक्यात मास्तरकी करत होतो तेव्हा ती वर्गात दाखवायला नेत असे. सुट्टीला कर्जतला आलेली दोन्ही नातवंडं लगेच धावली. धाकटीने विचारलं, "आजोबा, यावर महाराजांचा फोटो कुठाय?" थोरल्याचा प्रश्न सरळ होता, "ही मलाच मिळणार ना?"

फोटो नाहीच. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसरीकडे 'छत्रपति'. तांब्याच्या तुकड्यावर एवढंच, आणि तेवढं पुरे होतं.

रोमन लोकांचं तसं नव्हतं. उद्या गादीवर कोण बसणार, हे दूरच्या गावातल्या माणसाला कळवायचं कसं? वर्तमानपत्र नाही, रेडिओ नाही. मग ब्राँझच्या चिल्लरीवर बादशहाबरोबर त्याच्या मुलांचीही तोंडं उमटवायची! सेप्टिमियस सेव्हेरसने कॅराकॅला आणि गेटा या दोन्ही मुलांची नाणी पाडली. २११ साली तो वारला. दोघा भावांनी मिळून राज्य करायचं होतं. वर्ष संपायच्या आत थोरल्याने धाकट्याला आईच्या कुशीत मारवलं आणि त्याचं नाव, चित्रं सगळीकडून पुसायचा हुकूम काढला. आजच्या तुर्कस्तानातल्या स्ट्रॅटोनिकिया शहराच्या ब्राँझ नाण्यांवर हे दोघे भाऊ समोरासमोर होते. त्यातल्या कित्येकांवर आता एकच चेहरा दिसतो, समोर नुसता खरवडा. नाणं ठेवलं, भाऊ तेवढा काढला.

(आपल्या गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाच्या चांदीच्या नाण्यांवर नुसता आपला छाप मारला. नाशिकजवळ जोगळटेंभीला १९०६ साली तेरा हजारांवर नाणी सापडली, त्यांत अशी नऊ हजारांहून जास्त. छापाखालून नहपानाचं नाक अजून डोकावतं!)

आपल्याकडे तरी कुठे सगळं गोडीगुलाबीने झालं? १६८० साली महाराज गेले आणि आपल्याच जिल्ह्यातल्या रायगडावर कारभाऱ्यांनी दहा वर्षांच्या राजारामांना गादीवर बसवलं. संभाजीराजे तेव्हा पन्हाळ्याला. पुढे त्यांनी रायगड घेतला, १६८१ च्या जानेवारीत राज्याभिषेक झाला आणि तांब्यावर 'श्री राजा शंभु' आलं. नंतर सातारा आणि कोल्हापूर अशा दोन गाद्या झाल्या. पण पेशवाईतली दुदांडी शिवराई बघा, तिच्यावर पुन्हा 'राजा शिव'च. भांडणारे भांडोत, बाजारात नाव चाललं ते थोरल्या महाराजांचं.

हे सगळं नातवंडांना सांगत होतो आणि गेटाच्या खरवड्याशी येऊन अडखळलो. वडिलांच्या जागेवरून मी आणि माझा धाकटा भाऊ अकरा वर्षं बोललो नव्हतो. वाटणीच्या यादीत भांडीकुंडी मोजली, ही शिवराई कुणीच मोजली नाही. ती इतकी वर्षं माझ्याकडेच राहिली, आणि मी तिचं नावही काढलं नाही.

रात्री भावाला फोन लावला. पलीकडे बराच वेळ कुणी बोलेना. मग म्हणाला, "दादा, मला वाटलं होतं ती हरवली."

रविवारी सकाळच्या लोकलने येतोय.