कौटुंबिक हिंसा : तक्रारीपासून आदेशापर्यंतचा क्रम

१. भूमिका

वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. त्यात सहा तालुके आहेत. मानोरा किंवा रिसोडच्या खेड्यातून मार खाऊन निघालेल्या बाईला पोलीस ठाणे, सरकारी दवाखाना, संरक्षण अधिकारी आणि न्यायालय अशा चार दारांशी जावे लागते. कायदा चारही ठिकाणी तिच्या बाजूचा आहे. अडते ते दोन दारांच्या मध्ये. म्हणून सोबत जाणाऱ्याची कामे दोन : आधी काय आणि नंतर काय हे ठरवणे, आणि दर टप्प्याचा कागद हाती ठेवणे.

२. दोन वाटा

(अ) संरक्षणाची वाट. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. कलम १२ खाली दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज केल्यावर संरक्षण, घरात राहण्याचा हक्क, खर्चाची रक्कम, मुलांचा तात्पुरता ताबा आणि नुकसानभरपाई मागता येते.

(ब) शिक्षेची वाट. भारतीय न्याय संहितेचे कलम ८५, म्हणजे पूर्वीचे ४९८-अ. शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद आणि दंड.

अर्ज केला म्हणून नवऱ्याला अटक होत नाही, आणि गुन्हा दाखल झाला म्हणून घरात जागा मिळत नाही. दोन्ही वाटा एकत्र मिळतात त्या २००५ च्या कायद्याच्या कलम ३१ पाशी : संरक्षण आदेश मोडणे हा दखलपात्र, अजामीनपात्र गुन्हा आहे.

३. क्रम कसा ठरवावा

बाईला आधी काय हवे, हे तिलाच विचारावे. जिवाला धोका असेल तर ११२ या आपत्कालीन क्रमांकावर फोन आणि पोलीस ठाणे आधी. छप्पर आणि पोराबाळांचा खर्च ही तातडी असेल तर कलम १२ चा अर्ज आधी. त्यासोबत कलम २३ खाली अंतरिम आदेश मागावाच. कायद्याला पहिली तारीख साधारण ३ दिवसांत आणि निकाल पहिल्या तारखेपासून ६० दिवसांत अपेक्षित आहे. पण प्रकरण लांबले तर अंतरिम आदेशच तिला तारतो. शिक्षेची वाट मात्र फार काळ खुली राहत नाही : कलम ८५ च्या गुन्ह्याची दखल घेण्याची मुदत सर्वसाधारणपणे ३ वर्षांची आहे.

४. कागद कुठे अडतो

दवाखाना : सासूसमोर बाई ‘पाय घसरून पडले’ असे सांगते आणि केस पेपरवर तेच उतरते. पुढे उलटतपासणीत हीच ओळ तिच्या अंगावर येते. डॉक्टरांशी तिला एकटीने बोलू द्यावे. कोणी, कशाने मारले हे लिहून घ्यावे.

पोलीस ठाणे : छळ दखलपात्र असूनही पुष्कळदा अदखलपात्र नोंदीवर, म्हणजे ‘एनसी’वर, बोळवण होते. गुन्हा नोंदवला नाही तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी, टपालानेही तक्रार करता येते. तरीही दाद मिळाली नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. प्रथम खबरीची प्रत मोफत मिळते.

संरक्षण अधिकारी : घटनेचा अहवाल त्यांनी तयार करायचा असतो. पण तो नाही म्हणून न्यायालयाला आदेश देता येत नाही असे नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये प्रभा त्यागी प्रकरणात स्पष्ट केले.

५. कुठे दाद मागावी

पुण्याला दिलेली रिसोडची लेक माहेरी परतली, तर ‘पुण्याला जा’ हे उत्तर चुकीचे आहे. तात्पुरत्या निवासाच्या ठिकाणीही कलम १२ चा अर्ज चालतो. ४९८-अ बाबत सर्वोच्च न्यायालयाच्या रूपाली देवी निकालाने (२०१९) तीच दिशा दिली. वकिलाची फी नसेल तर १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण किंवा तालुका समितीकडे अर्ज करावा, नाहीतर १५१०० या विधी सहाय्य क्रमांकावर फोन करावा.

६. निष्कर्ष

१९८४ मध्ये मुंबई पोलीस आणि टाटा समाजविज्ञान संस्थेने पोलिसांच्याच आवारात समाजकार्यकर्त्या बसवून महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला; पुढे तो राज्यभर गेला. दारापासून दारापर्यंत सोबत हवी, हे त्या प्रयोगाने चार दशकांपूर्वीच ओळखले होते. गावातल्या आशाताई, अंगणवाडी सेविका आणि बचत गटाच्या बायांनी हा क्रम पाठ करावा. ‘नांदायला जा’ असे सांगण्याआधी बाईचा केस पेपर, तक्रारीची पोच आणि मुलांचे दाखले एका पिशवीत घालून माहेरी ठेवावेत.