मुसी : एका नदीचा शालेय अभ्यास

इतिहासाचा आरंभ परिसरापासून करावा, हे शिक्षणशास्त्रातील जुने सूत्र आहे. परंतु हैदराबादेत पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील मुलांना गोदावरी, इंद्रायणी ही नावे आजीच्या तोंडून मिळतात. ज्या मुसीवरील पूल ओलांडून ती शाळेत येतात, तिला मात्र ती 'नाला' म्हणतात. या शब्दाला दुर्गंधीचे कारण आहेच. पण नदीचा नाला कसा झाला, यालाही इतिहास आहे आणि तो नदीकाठीच सांगितला पाहिजे, अशी माझी धारणा आहे.

चौथीच्या वर्गाची अभ्याससहल आम्ही पुरानापुलापासून सुरू केली. इब्राहिम कुत्बशहाच्या कारकिर्दीत, १५७८ साली, हा पूल बांधला गेला. हैदराबाद वसले ते १५९१ साली. पूल शहराहून तेरा वर्षांनी वडील, ही गोष्ट मुलांना फार आवडली. एका मुलीने विचारले, "पाणी एवढेसे, मग पूल एवढा मोठा कशाला?" इतिहासाच्या अध्यापकाने याहून चांगल्या प्रश्नाची अपेक्षा करू नये.

त्याचे उत्तर २८ सप्टेंबर १९०८ या दिवशी सापडते. त्या दिवशी मुसीने काठ सोडला, वस्त्याच्या वस्त्या वाहून नेल्या. मृतांची संख्या १५,००० च्या आसपास सांगितली जाते. उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात एक जुनी चिंच आहे. तिच्या फांद्यांवर चढून सुमारे १५० माणसांनी जीव वाचविला. त्या झाडाचे खोड कवेत घ्यायला किती मुले लागतात, हे अजमावण्यातच आमचा बराच वेळ गेला. तो वाया गेला असे मला वाटत नाही.

पुरानंतर निजाम सरकारने मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना पाचारण केले. पुण्यात अभियांत्रिकीचे शिक्षण घेतलेल्या आणि खडकवासल्याच्या स्वयंचलित दरवाजांमुळे ख्यातकीर्त झालेल्या या अभियंत्याने प्रथम नदीच्या वरच्या खोऱ्याचा हिशेब मांडला. तेथे लहानमोठे ७८८ तलाव होते. त्यांपैकी २२१ फुटले होते. पाऊस अतोनात झाला हे खरेच, पण एकामागून एक फुटलेल्या बांधांनी त्या पाण्याला लोंढ्याचे रूप दिले. त्यांच्या योजनेतून मुसीवर उस्मानसागर (१९२०) आणि तिची उपनदी ईसी हिच्यावर हिमायतसागर (१९२७) ही धरणे उभी राहिली. पुराला बांध बसला आणि शहराला पिण्याचे पाणी मिळाले.

त्या मुलीच्या प्रश्नाचा उरलेला अर्धा भाग येथे सुटतो. जी धरणे शहराची तारक ठरली, त्यांनीच नदीचा प्रवाह वर अडविला. ते पाणी नळांनी घरोघरी गेले आणि गटारांतून मलीन होऊन नदीत परतले. पुढे शहर वाढले तशी मांजरा, कृष्णा आणि अलीकडे गोदावरीही नळातून आली. आजीची गोदावरी आपल्या मोरीतून मुसीला मिळते, हे ऐकून वर्ग क्षणभर गप्प झाला. पावसाळा सोडला तर शहरातील मुसीत मुख्यतः हेच सांडपाणी वाहते. खालच्या अंगाला त्यावर चाऱ्याचे गवत आणि भात पिकतो. तेथील शेतकऱ्याच्या लेखी हा नाला नव्हे, पाट होय.

फुटलेल्या तलावांची गोष्ट मात्र १९०८ मध्ये संपलेली नाही. ऑक्टोबर २०२० च्या अतिवृष्टीत शहराच्या दक्षिणेकडील तलावांचे बांध फुटून वस्त्यांत पाणी शिरले. वर्गातील एका मुलाला त्या रात्रीची एकच आठवण होती : वडिलांनी त्याला कपाटावर बसविले होते. त्याच्या घराजवळचा तलाव आता कोठे आहे, असे मी विचारले. "तिथे इमारती आहेत," तो म्हणाला. आम्ही वर्गात परतल्यावर जुना नकाशा काढला. त्यावर तो तलाव होता. मुलांनी तो निळ्या खडूने रंगविला आणि मग त्याच्या आजूबाजूचे इतर तलाव शोधावयास सुरुवात केली.